ताईंना विचारा : बाबांना कुठे ठेवू?

पत्र

ताई, माझे बाबा ६९ वर्षांचे. तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता मानेत परत गाठी आल्यात आणि गालाला जखम झालीय. नाकातून नळी आहे. बोललेलं कळत नाही, पाटीवर लिहून सांगतात. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ आईचे गुडघे गेलेत, मी नोकरी करते, घर वन बीएचके. आमच्या शहरात दोन जागा पाहिल्या. एक खासगी, नवी कोरी, एसी, महिन्याला ४५ हजार. ते म्हणाले, ‘तुम्ही फक्त पेशंट सोडा, बाकी आमच्यावर. बाबांना सांगू, फिजिओथेरपीला आणलंय.’ दुसरी एका ट्रस्टची, मोफत, जुनी इमारत, एका हॉलमध्ये सहा खाटा. तिथल्या सिस्टरांनी तासभर प्रश्नच विचारले, वर घरचं एक माणूस जवळ राहायला हवं म्हणाल्या. रविवारी त्यांच्याकडे डॉक्टर नसतात. भाऊ अमेरिकेतून रिव्ह्यू आणि चेकलिस्ट पाठवतोय, पैशाकडे बघू नको म्हणतो. आत्या म्हणते, ‘जिवंत माणसाला आश्रमात टाकताय.’ गाठी परत आल्याचं बाबांना आम्ही सांगितलेलं नाही. चांगली जागा ओळखायची कशी?

— एक लेक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर

आत्याचं आधी उरकून टाकू. त्या बाबांच्या उशाशी दोन रात्री जागल्या, एकदा त्या जखमेचं ड्रेसिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केलं, की मग त्यांचं मत जरूर घेऊ. तोवर ‘हो आत्या’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

आता भावाच्या चेकलिस्टचं. तिकडे मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावर हॉस्पिसना, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा करणाऱ्या संस्थांना, तारे दिलेले असतात. माणूस गेल्यानंतर त्याच्या घरच्यांना विचारून ते ठरवतात, हे त्यातलं खरं शहाणपण. आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे गूगलवर पाच तारे आणि ‘स्टाफ खूप छान, परिसर स्वच्छ’. हे लिहिणारा बहुतेक वेळा रविवारी तासभर भेटायला आलेला पुतण्या असतो. ज्याने तिथे रात्री काढल्या, तो रिव्ह्यू लिहायला परत येत नाही. तेव्हा तिकडची युक्ती आपण आपल्या पद्धतीने वापरायची. दोन्ही ठिकाणी सरळ विचार, ‘गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडे ज्यांचा पेशंट गेला, अशा एखाद्या घराशी बोलता येईल का?’ चांगल्या जागेला अशी घरं माहीत असतात, कारण माणूस गेल्यावरही त्या घराला त्यांचे फोन जातात. त्या घराला विचारून ते नंबर देतील. आत्ता ज्यांचे पेशंट तिथे आहेत त्यांनाही गाठ, पण ऑफिससमोर नको, फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर. ‘जागा चांगली आहे का’ असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. ‘काल रात्री दुखलं तेव्हा कोण आलं, किती वेळात आलं, काय दिलं?’ असं विचार.

माझ्या मते सगळी परीक्षा याच एका प्रश्नात आहे. तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरचं दुखणं बऱ्याचदा साध्या गोळ्यांना दाद देत नाही. त्याला मॉर्फिन लागतं, म्हणजे अफूपासून बनवलेलं जोरकस वेदनाशामक. तोंडाने किंवा नळीतून घ्यायची ही साधी आणि स्वस्त गोळी आहे, पण ती ठेवायची तर संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता लागते आणि त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने या औषधाची अशी दहशत बसवली होती, की हॉस्पिटलं ते ठेवायलाच तयार नसत. २०१४ साली कायदा बदलला, बरेचसे परवाने जाऊन एका मान्यतेवर काम होऊ लागलं. तरीही ‘पॅलिएटिव्ह केअर’ (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) असा बोर्ड लावून मॉर्फिनची एक गोळी न ठेवणाऱ्या जागा आहेत. तिथे दुखलं की डायक्लोफिनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाचं इंजेक्शन देतात, नाहीतर झोपेचं औषध. पेशंट गुंगीत गप्प पडला, की घरच्यांना वाटतं आराम पडला.

म्हणून दोन्हीकडे जाऊन तू एवढंच म्हण, ‘बाबांना नाकातून नळी आहे, मग मॉर्फिन कसं द्याल?’ ज्याला काम येतं तो चटकन सांगेल, की साधी गोळी कुटून पाण्यात कालवून नळीतून द्यायची, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही. मध्ये कळ आलीच तर वाढीव डोस. बद्धकोष्ठ होतो म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध. आणि हळूहळू विरघळणारी एसआर गोळी कधी कुटायची नाही. ‘मॉर्फिन? एवढ्यात कशाला, सवय लागेल’ असं कोणी म्हणालं, तर चहा न घेता उठ. कॅन्सरचं दुखणं शमवायला नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन ही त्या माणसाची अडचण नसते. त्याने मरण लवकर येतं, हीही भीती खोटी. केस पेपर बघायला माग. त्यात दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यांत वेळेसह लिहिलेलं दिसलं, तर कोणीतरी विचारतं आहे हे कळेल. नुसतं ‘पेशंट स्टेबल’ असेल तर कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट जखमेची. गालाच्या जखमेला वास येतो आणि बाबांना तो स्वतःला येत असतो, हे ध्यानात घे. लोक उठून जातात ते त्यांना दिसतं. यावर मेट्रोनिडॅझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकायची, हा साधा उपाय आपल्याकडच्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये रोज वापरतात. तो त्यांना माहीत आहे का बघ. वासावर रूम फ्रेशनर मारणाऱ्या जागी पेशंट ठेवू नये. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतात का, त्याचा तक्ता कुठे आहे, आणि नळीतून काय भरवतात, कोण भरवतं, भरवताना डोकं उंच करतात का, हेही बघून घे.

हे सगळं दिवसा सकाळी अकरा वाजता बघण्यात अर्थ नाही. अकरा वाजता सगळीच हॉस्पिटलं चांगली असतात. रात्री नऊनंतर जा, न सांगता. किती पेशंटना एक सिस्टर आहे ते मोज. सिस्टर म्हणजे नर्सिंग शिकलेली; नुसता युनिफॉर्म घातलेली मावशी नव्हे. माझा मावशींवर अजिबात राग नाही, अशा ठिकाणी अर्धं काम त्याच करतात आणि प्रेमाने करतात. पण औषध वाढवायचा निर्णय त्यांच्यावर टाकणं अन्याय आहे, त्यांच्यावरही आणि पेशंटवरही. आत सोडत नाहीत, ‘व्हिजिटिंग अवर्स संपले’ म्हणतात, तर तेही उत्तरच समज. शेवटच्या दिवसांतल्या माणसाला भेटायला वेळ ठरवून देणारी जागा मला पटत नाही.

पैशाचं तुझ्या भावाने उलटं लावलंय. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस ते. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७पासून आहे. दोन्ही ठिकाणी पेशंटकडून पैसे घेत नाहीत, आणि या कामात ज्यांच्याकडे बघून बाकीचे शिकतात त्यांत ही नावं आहेत. म्हणजे फुकट आहे म्हणून उरलंसुरलं, असं इथे नाही. तसंच, ट्रस्ट आहे म्हणून पुण्यवान, असंही नाही. मोजायचं दोघांनाही सारखंच. फक्त खासगीवाल्यांना थोडे कोरडे प्रश्न जास्त विचारायचे: ४५ हजारांत डायपर, ड्रेसिंग, औषधं, डॉक्टरांची भेट यांतलं काय बसतं? डिपॉझिट किती? आणि दहाव्या दिवशी पेशंट गेला तर उरलेल्या वीस दिवसांचं काय? हे विचारताना जीभ अडखळते, माहीत आहे. सोबत कोणाला तरी ने, त्याला विचारायला लाव, समोरचा काय बोलतो ते तू ऐक. नर्सिंग होमच्या नोंदणीचं प्रमाणपत्र बघ. महाराष्ट्रात २०२१च्या सुधारित नियमांनी नर्सिंग होमला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ‘आमचं नर्सिंग होम नाही, केअर सेंटर आहे’ असं उत्तर आलं, तर मग डॉक्टर कुठल्या नात्याने येतात, तेही विचार.

टीव्ही, एसी, बाग याबद्दल मला काही म्हणायचं नाही. उन्हाळ्यात एसी बरा.

आणखी एक विचारून ठेव, कारण नंतर विचारायचं भान नसतं. शेवटची घरघर लागली की ते काय करतात? १०८ला फोन करून मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत पाठवणार असतील, तर तुम्ही तिथे गेलातच कशासाठी? मृत्यू रात्री झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून द्यायला डॉक्टर येतात का, की सकाळपर्यंत थांबायचं? भाऊ परदेशातून येईपर्यंत ठेवायचं झालं तर शवागाराची सोय कोण करतं?

आता त्या सिस्टरांकडे येते. तासभर प्रश्न विचारले, याचा तुला वैताग आला. पण त्यांनी काय विचारलं ते तू लिहिलेलं नाहीस. आठवून बघ. झोप किती लागते, वास येतो का, पाटीवर काय लिहितात, घरात कोणाशी जास्त जमतं, त्यांना आजाराबद्दल किती माहीत आहे, असं काही असेल, तर मी त्या जागेला निम्म्याहून जास्त मार्क तिथेच देईन. घरचं माणूस जवळ हवं म्हणाल्या, तेही मनुष्यबळ कमी म्हणूनच असेल असं नाही. अशा अनेक केंद्रांत पेशंटला काही दिवस ठेवून दुखणं आटोक्यात आणतात, त्या दिवसांत घरच्यांना ड्रेसिंग, नळी, औषधांच्या वेळा शिकवतात, आणि मग घरी पाठवून त्यांची माणसं घरी येत राहतात. म्हणजे प्रश्न ‘घर की केंद्र’ असा नसतोच. त्यांना विचार, होम व्हिजिट आहे का, लागेल तेव्हा परत दाखल करता का. रात्री तुझ्याऐवजी ब्यूरोची बाई चालेल का, हेही विचार. आईवर रात्री टाकू नकोस.

खासगीवाल्यांचं ते एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ‘फिजिओथेरपीला आणलंय म्हणून सांगू.’ गालाला जखम झालेल्या, हातात पाटी घेऊन बसलेल्या, डोकं शाबूत असलेल्या माणसाला? दोन दिवसांत त्यांना कळेल. बहुतेक आत्ताच कळलंय. ते तुमच्यासाठी गप्प आहेत आणि तुम्ही त्यांच्यासाठी. दाखल करून घ्यायलाच जी जागा खोटं बोलायची तयारी दाखवते, ती उद्या तुलाही फोनवर ‘बाबा मजेत आहेत’ म्हणेल. चांगली माणसं तुझ्यावर सांगायची सक्तीही करणार नाहीत आणि तुझ्या वतीने थापही मारणार नाहीत. ती बाबांनाच विचारतील, ‘तुम्हाला काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?’ आणि पाटी पुढे करतील. ‘मला काही सांगू नका’ असं त्यांनी लिहिलं, तर तोही त्यांचा हक्क. पण तुझ्या पत्रात भावाचं, आत्याचं, डॉक्टरांचं, दोन्ही केंद्रांचं म्हणणं आहे. कुठे राहायचंय हे बाबांना कोणी विचारलेलं नाही.

विचारल्यावर ते बोलायला तयार झाले, तर एक कागदही करता येईल. व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर तसं आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली, आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. असा कागद असला की शेवटी तुझ्यात आणि भावात भांडण लागत नाही.

मला विचारशील तर माझा कल ट्रस्टकडे आहे, पण रविवारच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय नाही. ‘डॉक्टर फोनवर असतात आणि वाढीव डोसची लेखी ऑर्डर सिस्टरांकडे असते’ असं म्हणाल्या तर पुरेसं आहे. ‘रविवारी काही झालं तर सिव्हिलला न्या’ म्हणाल्या तर पुरेसं नाही. मग जिल्हा रुग्णालयात जाऊन तिथे पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष चालतो का, मॉर्फिन मिळतं का, याची चौकशी कर. आणि जागा ठरेपर्यंत बाबांना तसंच कळा सोसत ठेवू नकोस. ज्या डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटलं, त्यांच्याकडे उद्याच जाऊन दुखण्याचं औषध बदलून माग.

भावाला सांग, चेकलिस्ट पोचली. वाचलेले ४५ हजार रात्रीच्या बाईला आणि त्याच्या तिकिटाला लाव. त्याने रजा आत्ताच काढावी, बाबा पाटीवर लिहून त्याच्याशी भांडू शकतात तोवर.