श्रीलंकेतील शेतकऱ्यांच्या किडनीच्या आजाराचे कारण इतक्या संशोधनानंतरही का सापडले नाही?

आपण एकात दोन प्रश्न विचारले आहेत. श्रीलंकेच्या उत्तर मध्य प्रांतातील भातशेतकऱ्यांना होणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजारावर इतकी वर्षे संशोधन होऊनही कारण निश्चित का झाले नाही, हा पहिला. आणि आपले गाव बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात (पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात) असल्यामुळे तिथल्या निष्कर्षांवरून आपल्या विहिरीच्या पाण्याविषयी काही ठरवता येईल का, हा दुसरा. मी डॉक्टर नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी २२ वर्षे गेली आहेत, आणि या विषयाच्या ओढीने एकदा अनुराधपूरकडची काही गावेही पाहून आलो आहे. त्यामुळे उत्तरात पाण्याचा भाग जास्त येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आजाराचे वेगळेपण प्रथम लक्षात घ्यायला हवे. मूत्रपिंडे निकामी होण्याची जगभरातील दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा जिल्ह्यांतील रुग्णालयांत जे रुग्ण येऊ लागले, त्यांच्यापैकी अनेकांना यातले काहीच नव्हते. बहुतेक जण चाळिशी-साठीच्या दरम्यानचे, शेतात राबणारे पुरुष. लघवीतून प्रथिने जाण्याचे प्रमाण अगदी कमी, अंगावर सूज नाही, आणि त्रास जाणवून तपासणी होईपर्यंत मूत्रपिंडांचे बरेचसे काम थांबलेले. सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर गाळणीचा भाग तुलनेने ठीक, पण तिच्या पुढच्या बारीक नलिका सुकलेल्या आणि त्यांच्या भोवतीच्या ऊतीत व्रणासारखे तंतू तयार झालेले दिसत. नलिकांना इजा म्हटली की विषारी पदार्थाचा संशय येतो, आणि इथूनच शोधाला फाटे फुटले.

हा सगळा प्रदेश श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातला आहे. पाऊस मुख्यतः ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, आणि बाकीचे वर्ष तलावांच्या जिवावर. तिथे तलावाला ‘वेवा’ म्हणतात. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे राजांनी बांधलेले वेवा आजही भाताला पाणी देतात. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटत नाही. १९७७ नंतर महावेली नदीच्या प्रकल्पाला वेग आला, कोरड्या पट्ट्यात नव्या वसाहती उभ्या राहिल्या, कुटुंबांनी विहिरी खोदल्या, खते-औषधे वाढली. एकाच पिढीत पाणी, अन्न, काम आणि वस्ती या चारही गोष्टी बदलल्यामुळे पुढे ज्याला जो संशयित हवा होता तो मिळाला.

पहिला मोठा आरोप कॅडमियमवर आला. हा धातू स्फुरदाच्या खतांत अल्प प्रमाणात असतो आणि मूत्रपिंडाच्या नलिकांना खरोखरच इजा करतो. जपानमधील जिन्झू नदीच्या काठी भातातून पोटात गेलेल्या कॅडमियममुळे झालेली ‘इताई-इताई’ व्याधी प्रसिद्धच आहे. परंतु जपानी रुग्णांची हाडे ठिसूळ होऊन मोडत असत, तसे श्रीलंकेत दिसले नाही, आणि तलावांच्या पाण्यात सुरुवातीला सांगितली गेलेली कॅडमियमची उच्च पातळी नंतरच्या तपासण्यांत पुन्हा आढळली नाही. त्यानंतर २०११ मध्ये आर्सेनिकची पाळी आली. केलनिया विद्यापीठातील एका गटाने आर्सेनिकचा दावा केला आणि त्यातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ही माहिती आपल्याला नाथ देवाकडून मिळाल्याचे सांगितले. (हे नाथ आपल्या नवनाथांपैकी नव्हेत, सिंहली बौद्धांचे हे एक रक्षक दैवत आहे.) देवाच्या उल्लेखावरून जी खडाजंगी झाली, तिच्यात मोजमापाचा साधा प्रश्न मागे पडला, आणि खरी अडचण तीच होती.

अडचण समजावी म्हणून आमच्याकडचाच एक किस्सा सांगतो. असे धातू एका लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागात मोजावे लागतात. एकदा एका तालुक्यातून आलेल्या सगळ्याच नमुन्यांत शिसे जास्त निघाले आणि आम्ही जवळजवळ अहवाल पाठवणार होतो. शेवटच्या क्षणी एका सहकाऱ्याने शुद्ध पाण्याच्या बाटलीतही तेच आम्ल टाकून मोजले, तर तिच्यातही शिसे! नमुने टिकवण्यासाठी वापरलेले आम्लच दूषित होते. त्या दिवसापासून, एकाच प्रयोगशाळेने एकदाच मोजलेल्या धातूच्या आकड्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही, मग तो आकडा कितीही मोठ्या मथळ्याखाली छापलेला असो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीकडून फार अपेक्षा होत्या. तिच्यात अनुराधपूर, पोलोन्नरुवा आणि बदुल्ला या जिल्ह्यांतील सुमारे ५,००० लोक तपासले गेले. रुग्णांच्या लघवीत कॅडमियम तुलनेने जास्त आढळले, पण सर्वांना पटेल असे एक कारण हाती आले नाही. शिवाय एक कोडेच समोर आले. आजाराचे प्रमाण स्त्रियांत १६.९ टक्के, तर पुरुषांत १२.९ टक्के निघाले. पण गंभीर अवस्थेतील रुग्णांत पुरुषच बहुसंख्य होते. माझ्या मते याचा बराचसा उलगडा व्याख्येत आहे. लघवीतील थोड्याशा प्रथिनांनाही आजार मानले, तर सौम्य प्रकरणे वाढतात आणि चित्र पालटते. सर्व देशांत एकाच पद्धतीने मोजणी व्हावी यासाठीचा आंतरराष्ट्रीय आराखडा २०१७ मध्ये आला. त्यापूर्वीच्या अभ्यासांतील टक्केवाऱ्या एकमेकींशेजारी मांडताना हात आखडताच ठेवावा लागतो.

ग्लायफोसेट या तणनाशकाची कहाणी जास्त गाजली. २०१४ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार, धातूंना धरून ठेवण्याचा गुण असलेले हे रसायन जड (कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या) पाण्यातील खनिजांशी आणि आर्सेनिकशी जोडले जाऊन मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. ते गृहीतक होते, रुग्णांवर सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हता. तरीही २०१५ मध्ये, स्वतः पोलोन्नरुवाचे असलेले मैत्रीपाल सिरिसेन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, ग्लायफोसेटवर देशभर बंदी आली, आणि २०१८ मध्ये चहा व रबर यांच्यासाठी ती सैल करावी लागली. चहाचे मळे हाच या गृहीतकावरचा सर्वांत अवघड आक्षेप आहे, कारण तिथे हे तणनाशक भरपूर वापरले जात असूनही त्या ओल्या, डोंगराळ भागात हा आजार आढळत नाही. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी घातलेल्या बंदीच्या समर्थनातही किडनीच्या आजाराचे नाव घेतले गेले. पिके बुडाली आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. ज्या शेतकऱ्यांच्या आरोग्यासाठी म्हणून बंदी आणली, त्यांचेच उत्पन्न तिने घटवले.

आता पाण्याकडे येतो. कोरड्या पट्ट्याचा खडक अतिप्राचीन, रूपांतरित प्रकारचा आहे. त्यातील कृष्ण अभ्रक, हॉर्नब्लेंड, ॲपेटाइट यांसारखी खनिजे झिजताना भूजलात फ्लोराइड सोडतात, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे पाणी जडही असते. तिथले लोक अशा पाण्याला ‘किवुल’ म्हणतात. मेडवच्चियाजवळच्या एका घरी आमच्या चहासाठी ठेवलेल्या किटलीत मी सहज डोकावलो, तर आत पांढरट-पिवळसर थर इतका जाड होता की चमचा लावताच त्याचा पापुद्रा सुटून आला. त्या घरातील पाण्याचा नमुना मी बरोबर नेलेल्या किटवर तपासला. जडपणाच्या या चाचणीत पाण्यात टाकलेल्या रंगद्रव्याचा द्राक्षासवासारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब-थेंब द्रावण सोडत थेंब मोजायचे असतात. घरातील म्हातारे गृहस्थ माझ्याबरोबर सिंहलीत मोजत होते. रंग पालटेपर्यंत ते कंटाळून उठून गेले, यावरून पाण्याची कल्पना यावी.

तरीही ‘जड पाणी म्हणजे किडनीचा आजार’ असे म्हणता येत नाही, कारण श्रीलंकेच्या उत्तर टोकाचा जाफना लगेच आठवतो. तिथला खडक चुनखडीचा, पाणी चांगलेच जड, पण फ्लोराइड कमी आणि हा आजारही कमी. उलट, फ्लोराइड जास्त असूनही आजार फारसा नसलेली गावे कोरड्या पट्ट्यातच आहेत. म्हणून पेरादेनिया विद्यापीठातील भूरसायनशास्त्रज्ञांच्या कामापासून संयोगाचा विचार पुढे आला: फ्लोराइड किती, यापेक्षा ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांच्या कोणत्या प्रमाणाबरोबर येते, हे पाहावे. उंदरांवरील प्रयोगांतही जडपणा, फ्लोराइड आणि कॅडमियम एकत्र दिल्यावर मूत्रपिंडाच्या ऊतींना इजा झाल्याचे दिसले आहे. मला स्वतःला ही दिशा सर्वांत आशादायक वाटते, मात्र पाण्याच्या माणसाला पाण्यातच उत्तर दिसणार, हेही आपण लक्षात घ्यावे.

मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथील उसाच्या फडांत काम करणाऱ्यांना जवळजवळ असाच आजार होतो, आणि तिथे भर उन्हातील कष्ट व वारंवार होणारा शरीरातील पाण्याचा तुटवडा हे प्रमुख कारण मानले जाते. उष्णता श्रीलंकेतही आहेच. पण तितक्याच उष्ण असलेल्या दुसऱ्या भागांत आजार का नाही, याचे उत्तर केवळ उन्हातून मिळत नाही. घाम गाळणारा माणूस पाणीही जास्त पितो, आणि त्या पाण्यात जे असेल तेही जास्त घेतो. म्हणून ऊन आणि पाणी यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्यात मला अर्थ दिसत नाही.

इतके सगळे तपासूनही निकाल न लागण्याचे मूळ कारण माझ्या दृष्टीने वेळेचे आहे. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) सामान्य मर्यादेबाहेर जाते तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे निम्मी क्षमता संपलेली असते. इजा वीस वर्षांपूर्वी सुरू झालेली असू शकते, आणि आपण मोजतो ते आजच्या विहिरीचे पाणी. मधल्या काळात त्या माणसाने घर बदलले, विहीर उपसली, खोल केली, कदाचित आरओचे पाणी सुरू केले. तिथे सरकारने आणि नौदलानेही गावोगावी मोठ्या संख्येने आरओ यंत्रे बसवली आहेत. लोकांसाठी ते उत्तमच झाले, पण संशोधकाच्या हातातून जुना पुरावा निसटत चालला आहे. यावर उपाय एकच: निरोगी तरुणांची नोंद करून, त्यांचे पाणी आणि रक्त वर्षानुवर्षे ठराविक काळाने तपासत राहणे. हे काम खर्चिक आणि कंटाळवाणे आहे, आणि निवडणुकीपूर्वी त्यातून काहीही निघत नाही.

आता आपल्या विहिरीविषयी. खारपाणपट्ट्यातही मूत्रपिंडाच्या तक्रारी फार आहेत हे खरे, आणि ‘खारे पाणी’ व ‘किवुल’ हे शब्द ऐकायला भाऊबंद वाटतात. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील पाण्याचा दोष मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड यांचा आहे, जमीन गाळाची आहे; श्रीलंकेत खडक स्फटिकी आणि दोष फ्लोराइडसह जडपणाचा. टीडीएसचे मीटर दोन्हीकडे मोठा आकडा दाखवील, पण तो आकडा एकूण क्षार सांगतो, क्षार कोणते ते सांगत नाही. म्हणून तिथला निष्कर्ष उचलून इथे लावू नये. पद्धत मात्र लावावी.

आपल्या विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर तपासून घ्या, आणि नुसत्या टीडीएसवर न थांबता सोडियम, क्लोराइड, एकूण जडपणा, फ्लोराइड आणि नायट्रेट यांचे वेगवेगळे आकडे मागा. भारतीय मानकानुसार पर्यायी स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा टीडीएससाठी लिटरला २,००० मिलिग्रॅम, जडपणासाठी ६००, आणि फ्लोराइडसाठी १.५ आहे. घरात शेतात राबणाऱ्या प्रत्येकाचे क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासा आणि आकडा ‘नॉर्मल’ असला तरी तारखेसह लिहून ठेवा, कारण ०.८ वरून १.१ वर गेलेला माणूस कागदावर नॉर्मलच दिसतो. डॉक्टरांना मागचे आकडे दाखवा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून रोज घेण्याची सवय कुणाला असेल, तर तेवढी मात्र कुठल्याही अहवालाची वाट न पाहता आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.