राम मंदिर बांधूनसुद्धा २०२४ ला भाजप अयोध्येतच कसा काय हरला?

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, लोकसभेचा मतदारसंघ फैजाबाद आहे आणि त्यात पाच विधानसभा येतात. त्यातल्या अयोध्या भागात भाजपला थोडी आघाडीच होती, मार खाल्ला तो बाकीच्या चार ग्रामीण भागांत.

माझ्या मते खरा गेम समाजवादी पक्षाच्या अखिलेश यादवांनी तिकीटवाटपात केला. जनरल, म्हणजे राखीव नसलेल्या सीटवर त्यांनी अवधेश प्रसाद हा दलित, पासी समाजाचा जुना नेता उभा केला आणि गावोगावी घोषणा फिरली, ‘ना मथुरा ना काशी, अबकी बार अवधेश पासी’. त्यात भाजपचे उमेदवार आणि तेव्हाचे खासदार लल्लू सिंह बोलून गेले की संविधान बदलायला मोठं बहुमत लागतं, मग दलित वस्त्यांमध्ये आरक्षण जाणार ही भीती बसली ती बसलीच. शिवाय रामपथ हा अयोध्येतला मुख्य रस्ता रुंद करताना कितीतरी छोट्या दुकानदारांची दुकानं तुटली, भरपाईवरून लोक चिडलेले होते, आणि पोटावर पाय आला की भक्त माणूससुद्धा वेगळा विचार करतो हो. शेवटी ५४ हजारांच्या वर मतांनी सीट गेली.

म्हणून हिंदू मतं फुटली, लोक रामाला विसरले वगैरे जे सोशल मीडियावर चाललं होतं आणि अयोध्येच्या लोकांना ज्या शिव्या घातल्या गेल्या, ते मला अजिबात पटत नाही. मंदिर आवडणं आणि खासदार आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

भाजपलाही हे कळलंच, २०२५ च्या फेब्रुवारीत याच पाचपैकी एका, मिल्कीपूर विधानसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांनी पासी समाजाचेच चंद्रभानू पासवान दिले आणि सीट आरामात काढली.