अर्धं वर्ष पाण्यात, अर्धं वर्ष कोरडं: अशा कल्पित ग्रहावरची वनस्पती कशी असेल?

तुमचा ग्रह असा: वर्ष आपल्या तीन वर्षांएवढं, खडकाळ पठारं निम्मं वर्ष हातभर पाण्याखाली आणि निम्मं वर्ष रखरखीत. तिथली वनस्पती दिसेल कशी, असं तुम्ही विचारलंत. दिसण्याचं नंतर बघू. भर दुपारी ती कार्बन डायऑक्साइड आणणार कुठून, ते आधी ठरवा.

पाण्यात वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट संथ पसरतात. त्यात उथळ डबक्यातलं शेवाळ दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड फस्त करतं. रात्री सगळ्यांच्या श्वसनाने तो पुन्हा साठतो. म्हणून माझी ‘डोहमुळी’ (नाव खुशाल बदला) रात्री तो घेऊन आम्लाच्या रूपात पानांत साठवेल आणि दिवसा वापरेल. ही थाप वाटेल, पण आयसोएटिस ही गवतासारखी दिसणारी, नेच्यांच्या लांबच्या नात्यातली वनस्पती पाण्याखाली हेच करते. १९८१मध्ये ते उघड झालं. तिच्या काही जाती पाचगणीच्या टेबललँडवर पावसाळी डबक्यांत उगवतात आणि उन्हाळा जमिनीतल्या कंदावर काढतात.

खरी गंमत पुढेच आहे. आम्लामुळे पान पहाटे आंबट लागणार, दिवस चढेल तसं सपक. पानफुटीची पानं चाखून वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइनने हे भारतातच टिपलं आणि १८१३च्या पत्रात कळवलं. मग तुमच्या ग्रहावरचे चरणारे प्राणी संध्याकाळीच पठारावर उतरतील, त्यांच्या मागावर शिकारीही. एखादा किडा आंबटपणा टाळून संध्याकाळचीच पाळी धरेल, की उलट आंबटच आवडणारा पहाटेची? ते तुम्ही ठरवा, मला दुसरा जास्त आवडेल.

पाण्यातली पानं पातळ, मेणाचा थर जवळजवळ नसलेली. उघड्या उन्हात ती करपणारच, तेव्हा ती झडू द्या. कोरड्यातही हिरवं काही राखायचा हट्ट नको. कंद अठरा महिने झोपला तरी चालेल. फुलोरा मात्र पाणी उतरू लागलं की लगेच. आणि बी ओलं होताच खडकाला चिकटणारं हवं, नाहीतर पुढच्या पुरात वाहून जाईल. सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पतींची रीत हीच.

तिथे उडणारे जीव आहेत का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसतील तर परागीकरणाची युक्ती व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीकडून उसनी घ्या: तिची नर फुलं देठापासून सुटून वर येतात आणि पाण्यावर तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात.