ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही संपादित करू शकेल अशा खुल्या नकाशावर) गावांची मराठी नावं स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, एकदम भरली तर चालेल का?

थेट भरू नका. आधी स्थानिक मॅपर मंडळींपुढे प्रस्ताव ठेवा. स्वयंचलित संपादनांच्या आचारसंहितेतच तसं आहे: काय बदलणार आणि कशाच्या आधारे, ते ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर लिहायचं आणि चर्चा करायची. एडिटरमध्ये एकेक जागा न तपासता केलेलं ‘शोधा आणि बदला’ही यातच मोडतं. चर्चेविना केलेलं काम डेटा वर्किंग ग्रुप (नकाशातल्या डेटाचे वाद आणि गैरप्रकार हाताळणारा ओपनस्ट्रीटमॅपचा गट) उलटवू शकतो. आणि ते रास्तच आहे, कारण रोमन लिपीवरून स्क्रिप्ट ‘पेण’चं ‘पेन’ करेल, ‘वणी’चं ‘वानी’. एकेक गाव पाहून हाताने भरत असाल तर मात्र परवानगी लागत नाही. फक्त गूगल मॅप्सवरून नावं उतरवू नका, परवान्यात ते बसत नाही.