साखर कमी की साखर बंद?

प्रश्न असा आला आहे : ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाबाबत ‘फेज आउट’चं ‘फेज डाउन’ झालं. मराठीत दोन्हींना ‘टप्प्याटप्प्याने’ लावतात. मग नेमका शब्द कोणता, आणि एवढ्याशा फरकाने बिघडतं काय?

‘टप्प्याटप्प्याने’ वाट सांगतं, मुक्काम सांगत नाही. मुक्काम क्रियापदात असतो. डॉक्टर आईला ‘साखर कमी करा’ म्हणाले, तेव्हा चहातले दोन चमचे दीडवर आले आणि वर्षभर तिथेच राहिले. ‘बंद करा’ म्हटल्यावर डबाच वरच्या फळीवर गेला. म्हणून ‘फेज आउट’ म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणे, आणि ‘फेज डाउन’ला मी ‘घटवत नेणे’ म्हणेन. कुठवर न्यायचं ते त्यात नाही, तसं मुळातही नाही.

ग्लासगोत १३ नोव्हेंबर २०२१ला तो बदल भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी वाचून दाखवला आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा कंठ दाटून आला. खापर भारतावर फुटलं खरं, पण तीनच दिवस आधी अमेरिका-चीनच्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळशासाठी ‘फेज डाउन’ हाच शब्द होता.

पॅरिस हवामान कराराची गंमत याहून बारीक. २०१५च्या अंतिम मसुद्यात विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीच्या कलमात ‘शॅल’ आलं होतं. अमेरिका अडून बसली आणि ‘तांत्रिक दुरुस्ती’ म्हणून त्याचं ‘शुड’ झालं. आता ‘शॅल’ला आपल्या कायद्याच्या मराठीत ‘करील’ आहे. ‘शुड’ला सगळे सरसकट ‘करावे’ लिहितात, तिथे मात्र घात होतो. ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘येथे थुंकू नये’ या पाट्या कोणी सूचना म्हणून वाचतं का? आपलं ‘करावे’ बऱ्याचदा हुकूमच असतो. ‘करणे अपेक्षित आहे’ एवढंच पुरे.

तसंच ‘योगदान’. त्याआधीच्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर उत्सर्जनकपातीची लक्ष्यं बंधनकारक होती, घरपट्टीसारखी. (तीही अमेरिकेने भरली नाही. सही केली, अनुसमर्थन दिलं नाही.) पॅरिसचं ‘राष्ट्रनिर्धारित योगदान’ म्हणजे आकडा ज्याने त्याने टाकायची गणपतीची वर्गणी. इंधन जाळून होणारं जगाचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन १९९०मध्ये सुमारे २३ अब्ज टन होतं, २०२३मध्ये सुमारे ३७. शब्दांचा दोष त्यात किती ते सांगता येणार नाही, पण पावतीपुस्तक असंच आहे.

आणि हो, ग्लासगोच्या वाक्यात ‘अनअबेटेड’ हे विशेषणही आहे. ते गाळू नका. ‘कार्बन न अडवता जाळलेला कोळसा’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी चालेल.