वाचकांचे प्रश्न : ‘क्ष’ हे एक अक्षर की तीन?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. दिलेला शब्द उलटा करून दाखवणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथॉन या संगणकभाषेत लिहिला. इंग्रजी शब्द नीट उलटले, पण ‘मराठी’ हा शब्द दिला तेव्हा उत्तराच्या सुरुवातीलाच ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटले. ‘क्ष’ची लांबी विचारली तर ‘३’ असे उत्तर मिळते. चूक माझी की पायथॉनची? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : चूक दोघांचीही नाही. आपल्याला पडद्यावर जे दिसते आणि संगणक जे साठवतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वेळी आलेली बहुतेक पत्रे या एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

जगातल्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिलेले आहेत आणि त्यांची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतली आहे. या १२८ जागांत ‘क्ष’ शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. तिथे ‘क’ आहे (२३२५), पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह आहे (२३८१) आणि ‘ष’ आहे (२३५९). हे तीन क्रमांक एकापाठोपाठ आले की त्यांचे जोडाक्षर रेखाटण्याचे काम फाँट आणि त्यामागची आज्ञावली करते. पायथॉनने ‘३’ असे सांगितले, ते या तीन क्रमांकांना मोजून.

इथे व्याकरण शिकलेला वाचक म्हणेल, की ‘क्ष’मध्ये तीन वर्ण आहेत हे आम्ही शाळेतच शिकलो. खरे आहे, पण ते तीन वेगळे. व्याकरणाचे तीन म्हणजे क्, ष् आणि अ. युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ष’ ही चिन्हे पोटातला ‘अ’ धरूनच येतात आणि पहिल्याच्या पोटातला ‘अ’ काढून टाकायला हलन्त हे तिसरे चिन्ह लागते. बेरीज जुळली, हा निव्वळ योगायोग. ‘मराठी’ या शब्दात तो योगायोग टिकत नाही. डोळ्यांना अक्षरे तीन दिसतात, व्याकरणाने वर्ण सहा होतात (म्, अ, र्, आ, ठ्, ई) आणि युनिकोडची चिन्हे भरतात पाच : म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी.

आता आपला उलटा शब्द पाहा. ही पाच चिन्हे उलट्या क्रमाने लावली की वेलांटी सर्वांत पुढे येते. तिला बसायला व्यंजन नसते, म्हणून संगणक तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ ठेवतो. त्यामागून ‘ठ’ येतो आणि ‘र’साठी असलेला काना त्याला चिकटतो, म्हणून पुढे ‘ठारम’ असे वाचायला मिळते. ‘ठीराम’ हवे असेल तर शब्दाचे आधी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत तुकडे करावे लागतील. त्याचे नियम युनिकोडनेच दिलेले आहेत, मात्र ‘क्ष’सारखे देवनागरी जोडाक्षर अखंड एकक मानण्याचा नियम त्यांत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. तोवर त्या नियमांप्रमाणे ‘क्’ एक आणि ‘ष’ दुसरा, असेच मोजले जाई. त्यामुळे शब्दाचे तुकडे करायला आपण जी तयार आज्ञावली वापराल, ती युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीवर चालते, हे आधी पाहून घ्यावे. वरवर पोरखेळ वाटणारा हा प्रोग्रॅम मराठीत लिहू लागलात, तर लिपीच्या रचनेबद्दल पुष्कळ काही शिकवून जातो.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेतर्फे सभासदांना एसएमएस पाठवले जातात. तीच सूचना इंग्रजीत पाठवली तर एका संदेशाचे पैसे लागतात आणि मराठीत पाठवली तर दोन किंवा तीन संदेशांचे. हा मराठीवर अन्याय नाही का? (एक सचिव, ठाणे)

उत्तर : हिशेब समजून घ्यावा, मग अन्याय म्हणायचे की नाही ते आपणच ठरवावे. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) ११२० बिट जागा असते. इंग्रजी अक्षरे ७ बिटांच्या तक्त्यात बसतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. संदेश लांबला की तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यातले ६ बाइट खाते आणि ७० ची मर्यादा ६७ वर येते.

हे ७० म्हणजे दिसणारी अक्षरे नव्हेत, वर सांगितलेली चिन्हे आहेत, हे विसरू नये. ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही.’ या सूचनेत डोळ्यांना १२ अक्षरे दिसतात, पण काना, मात्रा, वेलांट्या, हलन्त, मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून तिने २८ जागा घेतल्या. एक व्यावहारिक सूचना अशी, की इंग्रजी संदेशात रुपयाचे नवे चिन्ह घातले तर ते त्या ७ बिटांच्या मूळ तक्त्यात नसल्यामुळे साधारणतः अख्खा संदेश ७० च्या हिशेबात जातो. तिथे ‘रु.’चा इंग्रजी संक्षेप लिहावा.

जाता जाता, युनिकोडचे क्रमांक साठवण्याची, इंटरनेटवर आज सर्रास वापरली जाणारी यूटीएफ-८ ही पद्धत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट देते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखाली अंथरायच्या कागदावर आखली.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या १९९९ च्या स्मरणिकेची फाइल मिळाली, पण उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता खच दिसतो. फाइल बिघडली असेल का? (एक ग्रंथपाल, सांगली)

उत्तर : फाइल बहुधा शाबूत आहे. तिच्यात मराठी कधी नव्हतीच. त्या काळच्या अनेक फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. कृतिदेव या फाँटात ‘मराठी’ हा शब्द लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठतो. फाँट लावला की मराठी दिसते, काढला की खच उरतो. म्हणून मूळ फाँटची फाइल सापडली तर ती आधी जपून ठेवावी.

मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या विशिष्ट फाँटचाच परिवर्तक लागतो, कारण प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. शिवाय या फाँटांत चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठत. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी, ‘कार्य’ लिहिताना रफार ‘य’च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी ‘क’च्या नंतर आणि ‘र्’ ‘य’च्या आधी येतो, तेव्हा परिवर्तकाला चिन्हे जागची हलवावी लागतात आणि चुका बहुधा तिथेच होतात. स्मरणिकेत मधूनमधून आलेले खरे इंग्रजी शब्दही परिवर्तक निरर्थक मराठीत बदलून टाकतो. एकदा मुद्रितशोधन केल्यावाचून ती फाइल कोणाला देऊ नये.

प्रश्न : आमच्या सूचीत ‘ॲटलस’ शोधले तर काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत. शब्द तर हुबेहूब तोच दिसतो! (पुणे)

उत्तर : दिसतो तोच, आहे दुसरा. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक (२४१८) २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोवर ‘अ’वर अर्धचंद्र चढवून, म्हणजे २३०९ आणि २३७३ या दोन क्रमांकांनी काम भागवले जाई, आणि कळफलकानुसार आजही काही जण तसेच लिहितात. युनिकोड या दोन रूपांना एक मानत नाही, म्हणून शोधयंत्रही मानत नाही. संपूर्ण सूचीत जुने रूप शोधून त्याजागी नवे घालावे.

त्याच बैठकीत ‘ऱ्य’ही तपासून घ्यावे. ते ‘ऱ’ आणि हलन्त असे लिहिता येते, तसेच ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधा असेही. तो सांधा गळला की डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात.

प्रश्न : शब्दसूचीची वर्णानुक्रमे मांडणी केली, तर ‘कळ’ हा शब्द ‘कवच’च्या आधी आला. कोशात तर तो नंतर असतो. (बेळगाव)

उत्तर : क्रमांकांनी मांडणी केली की असेच होणार. ‘ळ’ २३५५ आहे आणि ‘व’ २३५७, तर मराठी कोशात ‘ळ’ची जागा ‘ह’च्या पुढे. ‘क्षमा’ही ‘ज्ञ’च्या शेजारी न जाता ‘क’च्या रांगेत, ‘कौल’च्या पाठीमागे जाऊन बसली असेल. लिबरऑफिस कॅल्क या तक्ते करण्याच्या प्रोग्रॅममध्ये मांडणीच्या पर्यायांत भाषा निवडता येते. तिथे मराठी निवडून आधी ‘कळ’, ‘कवच’, ‘कौल’ आणि ‘क्षमा’ हे चारच शब्द मांडून पाहावेत आणि क्रम बरोबर आला तरच पूर्ण सूची त्याच्या हवाली करावी.