ठेव मोडून पॉलिशिंग मशीन घ्यावं का?

प्रश्न: मी नोकरी करतो. वर्षभर सुट्टीच्या दिवशी स्वतःची आणि मित्रांची गाडी धुऊन-चमकवून देतोय. आता कार डिटेलिंगचा व्यवसाय करायचं मनात आहे. रोटरी आणि ड्युअल ॲक्शन अशी दोन पॉलिशिंग मशीनं, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, स्टीमर, सिरॅमिक कोटिंगच्या (रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या) सहा बाटल्या आणि एक इन्स्पेक्शन लाइट अशी यादी केली आहे. खर्च माझ्या चार पगारांइतका. सहा महिन्यांच्या घरखर्चाची मुदत ठेव आहे. ती मोडावी का? तीन महिन्यांनी नोकरीही सोडायचा विचार आहे.

उत्तर: ठेव मोडू नका. व्यवसाय जरूर करा. यादीतलं सामान बरोबर आहे, क्रम मात्र उलटा लावलाय.

तुम्ही हिशोब मशीनच्या किमतीचा केलात, बिघडलेल्या पहिल्या गाडीचा केला नाहीत. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. छपाईचा साधा कागद 100 मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे त्याच्या निम्म्या जाडीत तुमचा सगळा धंदा. पॉलिशने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. पैशांच्या भाषेत, दर पॉलिशला मुद्दलातून पैसे काढले जातात, आणि या खात्यात परत भरणा होत नाही. रोटरी एकाच अक्षावर फिरते, त्यामुळे उष्णता एका जागी साठते. बॉनेटच्या कडेला, जिथे थर मुळात पातळ, तिथे हात जरा रेंगाळला की खालचा रंग उघडा पडतो. मग अख्खं पॅनेल रंगवून देणं आलं. ते पैसे कुठून येणार? ठेव तर मशीनमध्ये गेलेली.

म्हणून रोटरी यादीतून काढाच. ड्युअल ॲक्शन फिरता फिरता डोलतं, त्यामुळे नवशिक्याच्या चुका बऱ्याच पोटात घालतं. पण तेही आज नको. आधी धुलाई आणि इंटिरियर. दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक मिट (धुण्याचा हातमोजा) खळबळण्याची; बादलीच्या तळाशी माती अडवणारी जाळी; पीएच न्यूट्रल शॅम्पू; मायक्रोफायबरची भरपूर फडकी; व्हॅक्यूम आणि दोन-तीन ब्रश. एवढं एका पगाराच्या छोट्याशा भागात बसतं. फडकी फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये घालू नका, पाणी शोषणं बंद होतं. (मी स्वतः नवी कोरी काळी गाडी धूळ बसली म्हणून रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचो. महिन्याभरात उन्हात रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसायला लागले. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मी ते पॉलिशवाल्याला मोजलं.)

इंटिरियरवर भर देतोय, कारण तिथे माल कमी लागतो आणि वेळ जास्त. तुमच्याकडे आज विकायला वेळच आहे. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी घालून वापरलात तर एक लिटरचं अकरा लिटर द्रावण होतं. आता वहीत प्रत्येक गाडीमागे चार रकाने करा: मिळालेले पैसे, लागलेला माल, जाण्यायेण्याचा खर्च आणि तास. तासांत सामान लावणं-आवरणं आणि फडकी धुणंही धरा. सगळे ते विसरतात. नवख्याला नीट इंटिरियरला पाच-सहा तास सहज जातात. उरलेल्या पैशांना तासांनी भागा आणि आकडा नोकरीतल्या तासाच्या पगाराशेजारी लिहा. पहिले काही महिने तो लाजिरवाणा असेल. असू दे, तो चढतोय का ते बघा.

मशीनची वेळही हीच वही सांगेल. समजा ड्युअल ॲक्शनची किंमत एका इंटिरियरमधून उरणाऱ्या रकमेच्या दहापट आहे. आठवड्याला एक गाडी केलीत तर अडीच महिन्यांत मशीन कामाच्या पैशातून येतं. आलं की भंगारातून एखादं बॉनेट आणा आणि हात त्यावर साफ करा. गिऱ्हाइकाच्या गाडीला लावण्याआधी पेंट थिकनेस गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) घ्या, कारण ती गाडी आधी किती वेळा घासली गेली आहे हे मालकालाही ठाऊक नसतं.

कोटिंगच्या सहा बाटल्या म्हणजे पडून राहणारा माल. एकदा उघडली की हवेतल्या ओलाव्याने ती घट्ट व्हायला लागते. शिवाय कोटिंगखाली राहिलेला ओरखडा तसाच बंद होतो. आणि ‘पाच वर्षं टिकेल’ असं तोंडाने म्हटलंत तरी ते तुमच्या डोक्यावरचं देणं झालं. गिऱ्हाईक तिसऱ्या वर्षी दारात उभं राहू शकतं. ऑर्डर हातात आल्यावर एक बाटली घ्या.

मशीन दुसऱ्याच्या गाडीला टेकवण्याआधी विमा हवा. साधा दायित्व विमा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) घेताना एक प्रश्न स्पष्ट विचारा: माझ्या ताब्यात असलेल्या, मी काम करत असलेल्या गाडीचं नुकसान यात धरलंय का? बऱ्याच पॉलिसींत नेमकं तेच वगळलेलं असतं.

नोकरी तीन महिन्यांनी सोडायचं तूर्त विसरा. सलग सहा महिने, पावसाळ्याचे धरून, वहीतली शिल्लक घरखर्चाएवढी निघाली आणि ठेव जागेवर असली, तर मला पुन्हा लिहा. कर्ज काढायचा विचार तर नकोच. हप्ता ठरल्या तारखेला येतो, गाड्या तशा येत नाहीत.

यादीत शेवटी लिहिलेला इन्स्पेक्शन लाइट मात्र याच आठवड्यात घ्या. गाडी ताब्यात घेताना मालकाला शेजारी उभं करून तो प्रत्येक पॅनेलवर तिरपा धरा, आधीचे ओरखडे दाखवा, फोटो काढा आणि त्याच्या फोनवर पाठवून मगच पाण्याचा नळ सोडा.